वाट आखण्याआधी

आमच्या अण्णांना डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं आणि तिथून हे सगळं रामायण सुरू झालं.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय चौऱ्याहत्तर, जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त मास्तर. निवृत्तीनंतर नांदेडला घर करून राहिले होते. पण अँजिओप्लास्टी झाली आणि दवाखान्यातून घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केलं की आता मी शेतावर जाऊन राहणार. नांदेडच्या रस्त्यावर सकाळी फिरायचं म्हणजे एका बाजूने ऑटो आणि दुसऱ्या बाजूने कुत्री. "त्यापेक्षा आपल्या रानात फिरतो," म्हणाले. आईने दोन दिवस अबोला धरला, मग तिनेही पिशव्या भरल्या. (नांदेडची आत्या हे वाचणार आहे, म्हणून आधीच सांगतो: हो, तू तेव्हा बजावलं होतंस. सगळं कबूल.)

शेत आमचं अहमदपूर तालुक्यात, नांदेड-लातूर रस्ता सोडून थोडं आत. बारा एकर. त्यातली नऊ एकर काळी, तिथे सोयाबीन आणि तूर, बटईने दिलेली. उरलेली तीन एकर बरड. नुसता मुरमाड उतार, बालाघाटच्या डोंगरात असतो तसा. आजोबांनी तिथे कधी नांगर घातला नाही. त्यामुळे लिंब, पळस, हिवर, बोर, आपटा, एक मोठी चिंच आणि जागा मिळेल तिथे सीताफळ, अशी झाडी आपोआप वाढत गेली. नांदेड जिल्ह्यात निदान किनवट-माहूरकडे सागाचं रान आहे, पैनगंगेचं अभयारण्य आहे. लातूर मात्र राज्यात सगळ्यात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. त्यामुळे आमच्या तीन एकरांनाही गावात लोक 'जंगल' म्हणतात, आणि आम्हीही ते मोठ्या ऐटीत ऐकून घेतो.

तर या जंगलात अण्णांसाठी फिरायची वाट करायची असं ठरलं. ठरवलं मी. पुण्यात बसून.

आता मी काय काय केलं ते सांगतो, म्हणजे पुढे जे मत मांडणार आहे ते कुठून आलं हे कळेल. मी लॅपटॉपवर उपग्रहाचा नकाशा उघडला. आखाड्यापासून माथ्यावरच्या चिंचेपर्यंत एक सरळ रेघ मारली. अडीचशे फूट. छान दिसत होती. मग २०२२च्या मे महिन्यात चार दिवसांची रजा काढून गेलो, जेसीबी बोलावला आणि सकाळच्या चार तासांत दहा फूट रुंद रस्ता सरळ वर काढून टाकला. रानडुकरं आणि रोही येतात म्हणून त्याच हप्त्यात तिन्ही एकरांना सिमेंटचे खांब आणि तारेचं कंपाउंड करून घेतलं, फाटक बसवलं, फाटकाला कुलूप. फोटो काढून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकले. सगळ्यांनी अंगठे दाखवले. मी पुण्याला परत.

अण्णा त्या रस्त्यावर मोजून सहा दिवस चालले.

कारण साधं होतं, जे शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. अडीचशे फुटांत चाळीस फूट चढ. म्हणजे शंभराला सोळा. बायपासच्या उंबरठ्यावरून परत आलेल्या माणसाला मी जिना चढायला लावला होता. खाली उतरताना मुरमावरून पाय घसरायचा, म्हणून ते काठीवर भार देऊन आडवे आडवे उतरायचे. फोनवर मात्र मला सांगायचे, "ठीक आहे, चाललंय."

मग जूनमध्ये पाऊस आला. आमच्याकडचा पाऊस कसा येतो ते तिकडच्या माणसाला सांगायला नको. पंधरा दिवस नुसतं आभाळ आणि मग एका संध्याकाळी असा कोसळतो की समोरचं दिसत नाही. त्या सरळ रस्त्याचा ओढा झाला. वरचं सगळं पाणी त्या रस्त्यात गोळा व्हायचं आणि धाडकन खाली. ऑगस्टपर्यंत मधोमध गुडघाभर घळ पडली होती. वाहून आलेला मुरूम खालच्या काळ्या रानात पसरला आणि बटईदाराच्या सोयाबीनच्या कडेच्या चार ओळी गाडल्या गेल्या. तो भला माणूस, नुसतं म्हणाला, "मालक, पुढच्या साली बघू." मला जास्त लागलं ते दुसरंच. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, आठवतं ना? 'जलदूत'. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. माझा धाकटा भाऊ लातूरलाच असतो, तेव्हा आम्ही सगळे हळहळलो होतो, पाणी अडवा पाणी जिरवा यावर घरात भाषणं झाली होती. आणि त्याच जिल्ह्यात, स्वतःच्या रानात, स्वतःच्या पैशाने, मी पाणी दहा मिनिटांत ओढ्यात पोचवायची सोय करून ठेवली होती.

लिंबाचं झाड पुढच्या उन्हाळ्यात कळलं. रस्त्याच्या कडेला जुना लिंब होता. तो 'वाचवला' म्हणून मी खूश होतो. पण झाडाची अन्न-पाणी घेणारी मुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या सावलीच्याही बाहेर पसरलेली असतात. जेसीबीच्या दातांनी एका बाजूची सगळी तोडली होती. २०२३च्या चैत्रात, बाकीचे लिंब पालवत होते तेव्हा, याची रस्त्याकडची अर्धी बाजू वाळलेली. आजही तशीच आहे. कापली नाही, राहू दिली.

इथपर्यंतचं सगळं म्हणजे अडाणीपणाचा हिशेब. पैसे गेले, माती गेली, अर्धं झाड गेलं. पण खरी गोष्ट पुढे आहे आणि ती लिहायला मला तीन वर्षं लागली.

आमच्या बरडाच्या पलीकडे एक तांडा आहे. तिथल्या बाया गावाकडच्या शेतांत कामाला येतात आणि पोरं गावातल्या शाळेत. ती सगळी आमच्या झाडीतून तिरपी पायवाट होती, त्या वाटेने यायची. दहा मिनिटांत गावात. मी लहानपणापासून ती वाट बघत आलोय, तिच्यावरून बोरं वेचायला गेलोय. पण लॅपटॉपवरच्या नकाशात झाडांच्या खाली ती दिसत नव्हती, आणि रजेच्या चार दिवसांत ती मला आठवली नाही. आठवली असती तरी मी काय केलं असतं कोण जाणे. तार ओढून झाली आणि वाट बंद झाली.

पावसाळ्यात दोनदा तार तोडलेली सापडली. मी पुण्यातून फोनवर तणतणलो. भाऊ म्हणाला पोलिसात तक्रार देऊ. दोन्ही वेळा तार जोडून घेतली. जुलैमध्ये एका सकाळी तांड्यावरची एक म्हातारी आखाड्यावर आली आणि अण्णांसमोर उभी राहून म्हणाली, "मास्तर, तुमच्या तारंनं लेकरायला वढ्यातून जावं लागायलंय. काल पोरगी वाहून चालली होती." चौथीतली मुलगी. ओढ्याला गुडघ्याच्या वर पाणी होतं, पाय निसटला, दहा-पंधरा फूट गेली आणि बाभळीच्या मुळीला अडकली. बरोबरच्या पोरांनी ओढून काढलं. दप्तर गेलं.

अण्णांनी मला फोन केला. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त विचारलं, "मी शाळेवर होतो तेव्हा तांड्यावरची पोरं कुठून यायची, तुला माहीत होतं ना?" मी गप्प. "त्याच वाटेनं यायची. पावसात उशिरा आली तर मी त्यांना कधी वर्गाबाहेर उभं केलं नाही." मग म्हणाले, "तू केलेल्या रस्त्यावर मी आता चालत नसतो." फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी त्यांनी बटईदाराला सांगून दोन जागी तार कापून घेतली.

आता माझं मत सांगतो. आपल्या मालकीच्या जमिनीत वाट काढायची असेल तर पहिला प्रश्न 'कुठून काढू' हा नसतो. 'इथून आधी कोण जातं' हा असतो. त्याचं उत्तर मिळेपर्यंत फावडं हातात घ्यायचं नाही. आणि हे मी निव्वळ माणुसकीच्या पोटी म्हणत नाहीये, वाट चांगली व्हावी म्हणूनही म्हणतोय. कारण जी वाट पायांनी पडलेली असते ती बहुतेक वेळा बरोबर जागी असते. आमची तिरपी पायवाट उताराला आडवी जायची, चढ बेताचा, पावसात तिच्यावर कधी घळ पडली नव्हती. इतक्या वर्षांत! माझी एका पावसात वाहून गेली.

ही चूक मी एकट्यानेच केलेली नाही. आमच्याच जिल्ह्यातलं मोठं उदाहरण आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, जवळजवळ आठ हजार माणसं गेली. नंतरच्या पुनर्वसनात लातूर-उस्मानाबादची (आताचं धाराशिव) बावन्न गावं नव्या जागी हलवली. नवी गावं चौकोनात आखली, रुंद सरळ रस्ते, सारखी घरं. त्यामागचं कारण मी नाकारत नाही. अरुंद गल्ल्यांत दगड-मातीच्या भिंती अंगावर येऊन माणसं मेली होती, रुंद रस्त्याची ओढ कुणालाही वाटेल. पण गाव पसरलं, अंतरं वाढली, ज्या गल्लीत चार घरांच्या बाया ओट्यावर बसायच्या ती गल्लीच राहिली नाही. अभ्यास करणाऱ्यांनी यावर पुष्कळ लिहिलंय. घरं पक्की मिळाली, पण एका घरातून दुसऱ्या घरात पाय कसे जातात हे आखणीत आलं नाही, असं मला त्यातून समजलं. तिथे निदान संकटाची घाई होती. मला कसली घाई होती? सोमवारी ऑफिस होतं.

आता भावाची बाजूही मांडतो, नाहीतर तो म्हणेल दादा स्वतःच मोठा झाला. त्याचं म्हणणं: "आज वाट दिलीस, उद्या वहिवाट लागेल. परवा ट्रॅक्टर घालतील. जमीन विकायची म्हटली तर कोण घेणार?" ही भीती खोटी नाही. आपल्याकडे वीतभर बांधावरून सख्खे भाऊ कोर्टात म्हातारे होतात, डोकी फुटतात. ज्याने हे पाहिलंय तो कुलूप लावणारच.

म्हणून आम्ही कागद काढले. ज्यांची शेती आहे त्यांना उपयोगी पडेल म्हणून लिहितो. गावनकाशावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेने दाखवलेली असते आणि पायवाट एकेरी तुटक रेषेने. नकाशाची प्रत भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. वाट अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागता येते, १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम पाचखाली, मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत. आणि नकाशावर वाटच नसेल तर बांधावरून रस्ता मिळवण्यासाठी जमीन महसूल अधिनियम १९६६चं कलम १४३ आहे. म्हणजे तांड्यावरच्या लोकांनी ठरवलं असतं तर माझं कुलूप त्यांना तहसीलमधून काढून घेता आलं असतं. त्यांनी तार तोडली आणि मग एका म्हातारीला पाठवलं. कुणाची पद्धत जास्त सभ्य होती, तुम्हीच ठरवा.

गंमत पुढे आहे. आम्ही प्रत काढली तर पायवाट नकाशावर निघाली, पण साठ-सत्तर फूट खाली. मधल्या काळात ओढ्याने काठ खाल्ला असणार आणि लोक हळूहळू वर सरकले असणार. भाऊ लगेच म्हणाला, "बघ, कायद्याने वाट तिथे आहे, आपल्या झाडीत नाही." मी म्हटलं, तिथे आता पाणी आहे, लेकरं पोहत जातील का? कागद पाहून वाद मिटेल असं वाटलं होतं, तो वाढला. शेवटी मिटला तो बोलून. अण्णा, भाऊ, तांड्यावरची चार माणसं आणि बटईदार आखाड्यावर बसले, दोनदा चहा झाला, आणि ठरलं: वाट आहे तिथेच, रुंदी चार फूट, फक्त पायी. गुरं आणि गाडी नाही. एका साध्या कागदावर लिहून दोन्हीकडच्यांनी सह्या केल्या.

(जाता जाता: २०२५मध्ये सरकारने शेतरस्त्यांची नोंद सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात घ्यायचं ठरवलं. उत्तम झालं. पण त्यात सगळा विचार ट्रॅक्टर आणि यंत्रांचा आहे, रुंदी मीटरमध्ये बोलली जाते. डोक्यावर पेंढी घेऊन जाणाऱ्या बाईला आणि दप्तरवाल्या पोराला तीन-चार फूट पुरतात. त्यांची वाट कुणाच्या रकान्यात यायची?)

२०२३च्या उन्हाळ्यात पुन्हा काम काढलं. या वेळी जेसीबी नाही. मी पंधरा दिवस आधी गेलो आणि नुसता फिरलो. सकाळी, भर दुपारी, संध्याकाळी. दुपारची सावली कुठे पडते, शेळ्या कुठून चढतात, तांड्यावरच्या बाया वळसा कुठे घालतात आणि का घालतात. शेळ्यांना सरळ चढायची खुमखुमी असते असं मला वाटायचं. एकटी शेळी चढते सरळ, पण कळप रोज त्याच आडव्या पट्टीने जायचा.

मग गावातल्या एका म्हाताऱ्या गवंड्याला घेतलं. त्याच्याकडे घरं बांधताना वापरतात ती लेवल पाईप, पाणी भरलेली पारदर्शक नळी. जगभर डोंगरात पायवाटा बांधणाऱ्यांचा एक नियम मी तोवर वाचला होता: वाटेचा चढ हा उताराच्या चढाच्या निम्म्याहून जास्त नको. जास्त झाला तर पाणी वाट ओलांडून जात नाही, वाटेनेच पळतं. आमचा उतार शंभराला सोळा, म्हणजे वाट जास्तीत जास्त शंभराला आठ. मी हे गवंड्याला सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे दहा फुटाला नऊ-साडेनऊ इंच. मग तसं सांगा की." नळी धरून दर दहा फुटांवर खुंटी, खुंट्यांवरून फक्की. जी चाळीस फुटांची चढण मी अडीचशे फुटांत मारली होती ती आता पाचशे फुटांत, दोन वळणं घेऊन गेली. वर चिंचेखाली थोडी सपाट, मग दुसऱ्या बाजूने सावकाश खाली, आणि मध्ये काही अंतर तांड्याच्या जुन्या वाटेवरूनच. सगळी फेरी तेराशे फूट, म्हणजे साधारण चारशे मीटर. अण्णांना तीन फेऱ्या केल्या की झालं.

चार माणसं, अकरा दिवस, टिकाव, फावडं, सब्बल आणि घमेलं. रुंदी चार फूट. खालच्या बाजूची कड वरच्यापेक्षा अडीच इंच खाली, म्हणजे पाणी वाटेवर थांबत नाही, आडवं निघून झाडांत जिरतं. दर चाळीस-पन्नास फुटांवर वाट जराशी खाली जाऊन वर येते, चालताना कळतही नाही, पण पाणी तिथे बाहेर पडतं. झाडाजवळ खणायचं नाही. मूळ आलं तर त्यावर दोन-तीन इंच मुरूम टाकून वाट वरून न्यायची, नाहीतर वळवायची. खाली जिथे काळी माती लागते तिथे मात्र नुसतं चालून भागत नाही. ती पावसात चपलेला धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तिला पाय मुरगळेल अशा भेगा पडतात. तिथे खाली दगड आणि वर मुरूम घालून चोपून घेतला. तो मुरूम कुठला? माझ्याच आधीच्या रस्त्याचा, वाहून खाली आलेला. दोन्ही कडांचं गवत हातभर कापून ठेवायचं, कारण घोणस आहे, नाग आहे. आणि दोन ठिकाणी बसायला सपाट दगड, कारण दम लागतो हे कबूल करायला अण्णांना कारण लागतं.

भावाला पेव्हर ब्लॉक हवे होते. हल्ली फार्म हाऊसवाले सगळे बसवतात. मी त्याला माथेरानचं सांगितलं. तिथे मोटारींना बंदी, लाल मातीचे रस्ते, हीच त्या गावाची ओळख. पावसात माती वाहून जाते म्हणून ब्लॉक बसवायला घेतले तर घोडेवाल्यांचा विरोध, आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत. ऑगस्ट २०२५मध्ये न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्याला ब्लॉक चालतील म्हटलं, आतल्या रस्त्यांना नको. मला ते पटतं. हजारो माणसं जातात तिथे गरज असेल. आमच्याकडे दिवसाला चाळीस-पन्नास पावलांच्या जोड्या. मातीची वाट बिघडली तर दिवाळीआधी एका दिवसात फावड्याने नीट होते.

आता तीन पावसाळे झाले. वाट आहे. घळ नाही. जुन्या सरळ रस्त्यावर आडवे दगडी बांध घालून तो बंद केला, त्यात तरवड आणि सीताफळाची रोपं उगवलीत. रस्त्याचा व्रण अजून दिसतो, माझ्या हयातीत तो पूर्ण बुजेल असं वाटत नाही. चार तासांचं काम होतं ते.

तार काढली नाही, हेही सांगायला हवं. रानडुकरांचं काय करणार? पण वाटेच्या दोन्ही टोकांना खांब असे आडवे-तिडवे रोवले की माणूस वळून आत येतो, गुरं अडतात. सायकल मात्र उचलून न्यावी लागते. पोरांची ती तक्रार अजून मिटलेली नाही, आणि ती रास्त आहे. भावाची भीतीही गेलेली नाही. गेल्या वर्षी कुणीतरी आमच्या सीताफळांची एक पाटी रातोरात नेली तेव्हा त्याने मला लगेच फोन केला, "घे." मी काय बोलणार? सीताफळं गेली हे खरंच. पण कुलूप होतं त्या वर्षीही गेली होती.

एक मात्र मी धरून चाललो नव्हतो. अण्णा सकाळी सात वाजता चालायला निघतात आणि बरोबर शाळेच्या वेळेला जुन्या वाटेच्या तुकड्यावर असतात. हे योगायोगाने होत नाही हे आईने मला सांगितलं. पोरं "गुरुजी" म्हणून हाक मारतात आणि ते त्यांना चालता चालता पाढे विचारतात. वाहून चालली होती ती मुलगी आता सातवीत आहे. तिला तेराचा येत नाही, असं अण्णा म्हणतात. तिचं म्हणणं, गुरुजी घाईत असताना मुद्दाम विचारतात. डॉक्टरांनी अर्धा तास सांगितला होता, हल्ली पाऊण तास होतो. आमच्या 'खाजगी' झाडीत ते एकटेच गोल फिरत राहिले असते तर महिन्याभरात कंटाळले असते, हे आज मला अगदी स्वच्छ दिसतं. तेव्हा सुचलं नाही.

पुण्यातल्या माझ्या तीन-चार मित्रांनी अलीकडे गावाकडे जमिनी घेतल्यात. परवा एकाने विचारलं, तुझ्या जेसीबीवाल्याचा नंबर दे, वॉकिंग ट्रॅक करायचाय. मी त्याला म्हटलं, नंबर देतो, पण आधी एक पावसाळा जाऊ दे आणि सकाळी आठ वाजता तुझ्या जमिनीत नुसता उभा राहा. कोण कोण जातंय बघ. तो हसला. नंबर मागून घेतला.

असो. फार लांबलं. दिवाळीत सगळे शेतावर जमणार आहोत. येताना चपला नको, बूट घालून या, गवत अजून कापलेलं नसेल. आणि लातूरच्या बाजूने येणाऱ्यांनी फाटकाशी येऊन फोन करत बसू नये. कुलूप नाही.